विहीणबाईंचा ताडपत्रीचा कोट

४ ऑक्टोबर

विहीणबाईंस सादर नमस्कार.

तुम्ही दोनदा फोन केलात. मी उचललाही. पण त्यातलं मला फक्त 'हॅलो' कळलं, आणि तेही बहुधा माझंच होतं. डावा कान गेलाच आहे, उजवा त्याची सोबत करायला निघाला आहे. म्हणून हे पत्र. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नका. हसलात तरी मला ऐकू येणार नाही.

ठकीचं, म्हणजे तुमच्या सूनबाईंचं, पत्र आलं. जानेवारीच्या शेवटी बाळ होईल म्हणते. तुम्ही आजी होणार आणि मी आजोबा. बातमी वाचून मी खुर्चीत बसलो तो चहा थंड होईपर्यंत उठलो नाही. पण पुढे लिहिते, 'बाबा, तुम्ही याच.' आता बघा. जावई तिथे पूल बांधायला गेले, ही त्यांच्या मागे गेली, इथवर ठीक. पण दक्षिण अमेरिका म्हणजे काय शेजारची गल्ली आहे? भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून पाहिलं, मधला समुद्र ओलांडताना बोट दुखलं. नदीकाठचं गाव, घर लाकडी खांबांवर, आणि पावसाळ्यात म्हणे घराखालून होडी जाते. खाली होडी जाते त्या घरात माझी मुलगी झोपते, हे कळल्यापासून मी नीट झोपलेलो नाही.

मी काही येत नाही. तुम्ही जा. जन्मभर प्रसूतीगृहात नोकरी केलेली बाई सोबत असताना माझ्यासारख्या ताडपत्री शिवणाऱ्याचं तिथे काय काम? तुमची आणि माझी भेट काय ती लग्नातच झाली, पण एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. वावटळ आली, मांडवाचं कापड मधोमध फाटलं, सगळे पुरुष 'अरे अरे' करत पळाले. तुम्ही मात्र दोन्ही हात वर करून ते कापड धरून उभ्या राहिलात, मी खालून दाभण चालवून ते शिवेपर्यंत. एवढी उंच, एवढी खंबीर बाई मी पाहिली नव्हती. ठकी चांगल्या घरी पडली, असं मला त्या क्षणी वाटलं. लग्न लागलं तेव्हासुद्धा तितकं वाटलं नव्हतं.

तर तुम्ही जा. जानेवारीत पाऊस नसतो, एवढंच एक बरं आहे.

कानाने अधू, काळजीने धडधाकट,
तुमचा व्याही


१५ ऑक्टोबर

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं अक्षर चांगलं आहे. हसले ते मजकुराला.

आधी वाईट बातमी देते म्हणजे ती उरकेल. आपला जानेवारी कोरडा असतो. तिथला नसतो. त्या भागात ऐन पावसाळा तेव्हाच असतो. म्हणजे बाळ पावसात येणार, आपण पावसात जाणार आणि होडी घराखालूनच जाणार. बाळाला मी तारीख पुढे ढकलायला सांगितलं असतं, पण पोटातली मुलं परिचारिकांचं ऐकत नाहीत. तो माझा जुना अनुभव आहे.

आता दुसरं. 'तुम्ही जा' हे मी वाचलंच नाही असं समजा. आपण दोघं जाणार आहोत. सूनबाईने बोलावलंय ते तुम्हाला. सासूला बोलावतात ती रीत म्हणून, बापाला बोलावतात ते जीव म्हणून. एवढंही तुम्हाला सांगायला लागावं? तिला आई नाही. तिची वेणी तुम्ही घातलीत, तिच्या शाळेच्या दप्तराला ताडपत्रीचं अस्तर तुम्ही लावलंत. ते दप्तर तिने अजून टाकलेलं नाही, तिकडे घेऊन गेली आहे. तुम्हाला ठाऊक होतं?

पासपोर्टचा अर्ज आजच करा. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागेल. तुमच्या वयाला डॉक्टर जरा कुरकुरतील, नीट तपासून घेतील, तपासू द्या. तिकिटांचं मी पाहते. तुम्ही फक्त 'पण' हा शब्द वापरायचं बंद करा.

विहीण


२ नोव्हेंबर

विहीणबाईंस नमस्कार.

पण वापरणार नाही असं ठरवलं आहे, पण जमेल की नाही सांगता येत नाही.

पासपोर्टचा फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, आजोबा, चेहरा सरळ ठेवा. मी म्हटलं, हाच सरळ आहे. चार वेळा काढला, चारही वेळा पोलिसांना हवा असलेला माणूस दिसतोय. कचेरीतल्या बाईंनी मला 'परदेशी कशासाठी' म्हणून विचारलं. मला वाटलं 'परत कशासाठी' विचारतायत. मी म्हटलं, घर इथे आहे म्हणून. त्यांनी ते तसंच मान्य केलं.

लसही घेतली. डॉक्टरांनी वय विचारून भुवया वर केल्या, मग छाती तपासली, कागद तपासले आणि टोचलं. दोन दिवस अंग गरम होतं. आमच्या न्हाव्याने बातमी पसरवली की म्हातारा निघायच्या आधीच निघाला. हा न्हावी म्हणजे मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातला वैरी. रोज दाढी करताना नवीन काहीतरी सांगतो. काल म्हणाला, तिथल्या नद्यांत असे मासे असतात की हाताचं बोट बुडवलं तर नुसतं हाड उरतं. वस्तरा गळ्यावर असताना हे ऐकावं लागतं, उठूनही जाता येत नाही.

काळजीला मी एकच उपाय जाणतो, शिवण. चांगली जाड ताडपत्री आणली आहे, दोऱ्याला मेण चढवलं आहे. दोघांना दोन कोट शिवतो. बाजारचे रेनकोट म्हणजे पापुद्रा. माझी पद्धत तुम्हाला सांगून ठेवतो. शिवण झाली की बाही बांधून आत पाणी भरायचं आणि आढ्याला टांगायचं. खाली जमीन कोरडी राहिली तरच तो कोट, नाहीतर ते पोतं. माझा झाला, टांगला, थेंब पडला नाही. तुमच्यासाठी माप हवं. खांदा, बाही आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत. लगेच पाठवा.

तुम्ही घेतलेल्या मेहनतीला तोड नाही. माझ्यासारख्याला घराबाहेर काढणं म्हणजे रुतलेली गाडी काढण्यासारखं आहे. मी ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचो त्या डेपोत त्याला सहा माणसं लागायची.

माप विसरू नका.

तुमचा व्याही


१४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

लस घेतलीत, शाबास. न्हाव्याला सांगा की नदीत बोट बुडवायला आपण जात नाही आहोत.

सामान एकाच बॅगेत बसवा. स्वतः उचलू शकाल एवढंच घ्या. सुती कपडे, लवकर वाळणारे. चपला दोन जोड, एक कायम ओला असेल असं धरून. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. आणि कागद कोरडे ठेवा. बाकी सगळं भिजलं तर चालेल, पासपोर्ट भिजला तर चालणार नाही.

विमानतळावर मी तुमच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे. रागावू नका. तुमचे पाय धड आहेत हे मला माहीत आहे. खुर्ची पायांसाठी नाही, कानांसाठी आहे. तिथे सगळं भोंग्यावरून सांगतात. खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणीतरी ढकलत बरोबर दारापर्यंत नेतं, त्याला काही ऐकावं लागत नाही. दवाखान्यात शिकलेली युक्ती आहे. माणूस उभा असला की त्याला रस्ता विचारावा लागतो, बसला की रस्ता चालत येतो.

सूनबाईची तब्येत उत्तम आहे. पाय थोडे सुजतात, ते चालतं. माझ्या मुलाला तिने सांगून ठेवलंय की बाबांची खोली नदीच्या बाजूला नको, त्यांना झोप लागणार नाही, पायऱ्यांच्या बाजूला द्या. तुमची काळजी करण्यात ती तुमच्यावर गेली आहे.

विहीण


५ डिसेंबर

विहीणबाईंस नमस्कार.

माप आलं नाही. तुम्ही कामात असाल. मी अंदाजाने कापलं. तुमची उंची माझ्या डोळ्यांत आहे, तेव्हा चुकायची भीती नाही. कोट झाला, टांगला, कोरडा निघाला. नुसता अडकवला तरी खोली भरल्यासारखी वाटते.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. मी येत नाही.

वर्तमानपत्रात त्या देशातल्या पुराचं छायाचित्र आलं होतं. छपरावर कुत्रा उभा आहे आणि बाकी सगळं पाणी. न्हाव्याने ते कापून आरशाला चिकटवलंय. पण कारण पुराचं नाही. तुम्हाला खोटं लिहिण्यात अर्थ नाही, तुम्ही ओळखाल.

ठकीच्या वेळी मी असाच एका दाराबाहेर उभा होतो. हिरव्या रंगाचं दार होतं, खालचा रंग पायांनी खरवडून गेलेला. आधी आतून मूल रडल्याचं ऐकू आलं. तेव्हा माझे कान चांगले होते. मी हसलो. शेजारच्या माणसाने पाठीवर थाप मारली. मग बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मग डॉक्टर आले, आणि मला कळलं की हाती ठकी उरली, ठकीची आई नाही. तेव्हापासून मी दवाखान्याच्या कुठल्याही दाराबाहेर उभा राहिलेलो नाही. गल्लीतलं कोणी आजारी असलं तर मी डबा खाली फाटकाशी देऊन येतो.

तुम्ही आत असाल, तुम्हाला कामं असतील. मी पुन्हा बाहेर. मला ते होणार नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा कोणाला काही उपयोगही नसतो. दोन्ही कोट पार्सलाने पाठवतो, दुसरा जावयांना होईल.

ठकीला काहीतरी कारण सांगा. कान सांगा.

तुमचा व्याही


१२ डिसेंबर

व्याहीबुवा,

पत्र दोनदा वाचलं. आज चेष्टा नाही.

तुम्ही दाराच्या बाहेर होतात. माझी सगळी नोकरी त्याच दाराच्या आत गेली. त्यामुळे आतली एक गोष्ट तुम्हाला सांगू शकते, जी बाहेरच्याला कोणी सांगत नाही.

कळा सुरू झाल्या की बाई सुरुवातीला पुष्कळ बोलते. मग बोलणं संपतं. देव, आई, डॉक्टर, सगळ्यांना बोलावून झालेलं असतं. त्यानंतर, अगदी कठीण वेळेला, जवळजवळ प्रत्येक बाईने मला एकच प्रश्न विचारला आहे.

"बाहेर कोण आहे?"

मी नाव सांगायचे. 'तुझा नवरा आहे', 'तुझी थोरली बहीण आहे', 'सासरे आलेत'. कधी बाहेर कोणीच नसायचं. तेव्हा मी खोटं सांगायचे, आणि बाईला ते खोटं आहे हे कळायचं. ती मान फिरवायची. तो चेहरा मी विसरलेली नाही. आणि खरं सांगितलं की तीच बाई दात आवळायची आणि पुन्हा कामाला लागायची. तुम्ही म्हणता उपयोग नसतो. माझ्याकडे औषधांचं कपाट होतं, त्यात असं औषध नव्हतं.

ठकीची आई गेली ते तुम्ही बाहेर उभे होतात म्हणून नाही. तुम्ही बाहेर आहात हे तिला ठाऊक होतं. तेवढं तुम्ही तिला दिलंत.

आता माझ्या सुनेने तोच प्रश्न विचारला तर तिथल्या परिचारिकेने काय सांगायचं? तुमचे कान दुखतात म्हणून?

विमान एकोणतीस तारखेचं आहे. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला या. कोट पार्सलाने नको, अंगावर घालून आणा.

विहीण


६ जानेवारी

विहीणबाईंस नमस्कार.

नमस्कार केला आहे, पण रागाने केला आहे असं समजा.

हे पत्र जावई फोनवर फोटो काढून तुम्हाला पाठवणार आहेत, तेव्हा त्यांनाही वाचू दे. तुम्ही मला फसवलंत. मी तुमच्या दारात दोन कोट आणि एक बॅग घेऊन उभा राहिलो, तर तुम्ही खुर्चीत, पाय उशीवर, त्याला पट्ट्या गुंडाळलेल्या. मी म्हटलं, हे केव्हा झालं? तुम्ही म्हणालात, ऑगस्टमध्ये. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, लांबचा प्रवास डॉक्टरांनी साफ बंद केलेला. ऑगस्टमध्ये! म्हणजे तुम्ही मला पहिल्यांदा 'आपण दोघं' लिहिलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तिकीट एकच होतं. आणि शेजारी बाळाच्या दुपट्यांची पिशवी बांधून ठेवलेली, माझ्या हातात द्यायला.

त्यावर तो कोट. मी तुमच्या अंगावर घातला आणि तुम्ही दिसेनाशाच झालात. बाह्या जमिनीला टेकल्या. तुम्ही आतून हसत होता, ते मला ऐकू आलं नाही पण ताडपत्री हलत होती. तुम्ही माझ्या खांद्याला लागता. मग लग्नात माझ्या डोक्यावर हात नेऊन मांडव धरणारी बाई कोण होती? मला काही उलगडत नाही. मी तो कोट रागाने बॅगेत कोंबला आणि निघालो. परत फिरायला तोंड उरलं नव्हतं. तुम्ही दाराशी एका पायावर उभं राहून हात हलवलात. मी मागे वळून पाहिलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल. कोपऱ्यावरून पाहिलं होतं.

आता प्रवासाचं. खुर्चीची युक्ती सोन्यासारखी. मला दर ठिकाणी कोणीतरी ढकललं, मी राजासारखा बसलो. फक्त पहिल्याच खिडकीपाशी जरा घोटाळा झाला. कागद कोरडे ठेवा म्हणालात. मी ठेवले. ताडपत्रीच्या पाकिटात घालून, पाकीट कोटाच्या अस्तरात घालून, चारी बाजूंनी दुहेरी टाका मारून. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट मागितला. मी म्हटलं, आहे ना, हा इथे, आणि छातीवर थापटलं. तिने पुन्हा मागितला. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं, पण कळसाच काखेत शिवून टाकलेला माणूस तिने प्रथमच पाहिला असावा. माझी कात्री मोठ्या बॅगेच्या तळाशी, तुमच्या कोटाखाली. शेवटी ती आत जाऊन ब्लेड घेऊन आली. मी ते मागितलं तर देईना. म्हणाली, तुम्ही फक्त दाखवा. एकेक टाका तिने उसवला, मागची रांग वाढत गेली. पासपोर्ट निघाला तेव्हा रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. खडखडीत कोरडा होता, हे मात्र लिहून ठेवा.

आता गाव. तुम्ही रागवा, पण मला ते आवडलं. इथे पावसाला कोणी घाबरत नाही, तो रोजचा कामगार असल्यासारखा येतो. दुपारी येतो, धो धो काम करतो, जातो. नदी रोज थोडी वर सरकते. समोरचा दुकानदार खालच्या फळीवरचा माल उचलून वरच्या फळीवर ठेवतो आणि पुन्हा तराजूपाशी बसतो. ना आरडाओरडा, ना कपाळावर आठी. रस्त्यांवर फळ्यांचे पूल टाकलेत, त्यावरून मुली गणवेशात शाळेला जातात, एका हातात चपला. शेजारणीच्या कोंबड्या तराफ्यावर राहतात. मी आयुष्यभर पाण्याशी भांडलो. ही माणसं त्याला 'जरा सरकून बस' म्हणतात.

आणि एक. पलीकडे एक म्हातारी होड्यांवरची छपरं करते. ती ताडपत्री शिवतच नाही. दुमडते, पुन्हा दुमडते आणि दोरीने आवळते. तिने माझा कोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मान डोलावली, मग एका टाक्यावर नख ठेवून माझ्याकडे पाहिलं. भाषा येत नाही, पण समजलं. टाका म्हणजे भोक. मी इतकी वर्षं आधी भोकं पाडत होतो आणि मग ती मेणाने बुजवत होतो. मी तिच्याकडे रोज सकाळी जाऊन बसतो. दुमड शिकतोय.

ठकी छान आहे. मोठी झाली आहे, म्हणजे सगळीकडून. मला पाहून रडली, मग म्हणाली, बाबा, एवढा जाड कोट घालून कोणी उकाड्यात येतं का?

राग अर्धा उरला आहे.

व्याही


१० जानेवारी

व्याहीबुवा,

उरलेला अर्धाही सोडून द्या, मला त्याचा पायाला त्रास होतो.

हो, फसवलं. 'तुम्ही एकटे जा' असं लिहिलं असतं तर तुम्ही न्हाव्याच्या खुर्चीतून उठला नसता. दोघांचं म्हटलं म्हणून तुम्ही निदान माझा कोट शिवायला बसलात. माप मुद्दाम पाठवलं नाही. माझ्या मापाचा कोट माझ्यासाठी तयार होऊन पडावा आणि मी तो घालू नये, हे मला बघवलं नसतं. बिनमापाचा होईल, मग कोणालाही चालेल, असं मनात म्हटलं.

आणि उंचीचं कोडं सोडवते. अहो, त्या दिवशी मी टेबलावर उभी होते! हारांचं टेबल होतं, हार बाजूला सारून मी चढले. तुम्ही खाली उभे राहून, मान वर करून शिवत होता. तुमचं लक्ष कापडाकडे होतं, तुम्हाला टेबल दिसलंच नाही. इतकी वर्षं तुम्ही मला टेबलासकट आठवत होता. मला कोणी इतकं उंच आठवेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस आरशासमोरून जाताना मान ताठ होत होती.

मला आत असायचं होतं, व्याहीबुवा. माझ्या नातवंडाला पहिला हात माझा लागावा, अशी फार इच्छा होती. ती आता तुमच्यावर सोपवली आहे. आत जाता येणार नाही, पण बाहेर उभे राहा. दाराच्या अगदी जवळ.

विहीण


२७ जानेवारी

विहीणबाईंस नमस्कार.

मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. हे आधी लिहितो, कारण मी तुमच्या जागी असतो तर आधी शेवटची ओळ वाचली असती.

तीन दिवसांपूर्वी दुपारी पाऊस कामाला आला आणि त्याच्याबरोबर कळा आल्या. जावई पुलावर. रस्ता पाण्याखाली, दवाखाना पलीकडच्या चढावर, होडीने जायचं. दुकानदाराने तराजू सोडला आणि होडी आणली. पाऊस असा की समोरचं घर दिसेना. होडीचं छप्पर त्या म्हातारीकडे दुरुस्तीला. ठकीला पांघरायला काय घ्यावं हे सुचेना. माझा कोट तिला बसेना, पोट आडवं आलं.

मग तुमचा काढला.

विहीणबाई, तो तिच्या मापाचा निघाला. ती, तिचं पोट, मांडीवर घेतलेली दुपट्यांची पिशवी, सगळं आत मावून वर माझं डोकंही मावलं. आम्ही दोघं त्यात बसून नदी ओलांडली. उजव्या खांद्याशी एक टाका गळत होता, थेंब बरोबर ठकीच्या नाकावर पडायचा. कळ ओसरली की ती हसायची. म्हणाली, बाबा, तुमच्या शिवणीतून थेंब? मी बोट लावून धरलं, पलीकडे पोहोचेपर्यंत.

दार इथे पांढरं आहे. मी जवळ उभा राहिलो, इतका की उघडताना परिचारिकेने मला दोनदा हाताने मागे केलं. मागे बाक होतं. मी बसलो नाही. तुमचा कोट हातावर होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. या वेळी ते बरं वाटलं. एकदा परिचारिका बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं. मी फक्त छातीवर हात ठेवला. ती आत गेली. ठकीने नंतर सांगितलं की तिने आत खरंच 'बाहेर कोण आहे' म्हणून विचारलं होतं, आणि परिचारिकेने तिला सांगितलं, एक म्हातारा आहे, ओला कोट घेऊन उभा आहे, हलत नाही.

मग दार उघडलं, आणि आधी ठकीचा चेहरा दिसला. तो पाहिल्यावर मी बाळाकडे पाहिलं आणि हात पुढे केले.

जावई चिखलाने माखलेले पोहोचले. त्यांनी मुलीला हातात घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा हुबेहूब तुमचा झाला, मांडव धरतानाचा.

तुमच्या हातांसाठी जे होतं ते मी घेतलं, याची जाणीव आहे. परत आलो की पहिलं काम तुमचा कोट. उसवून, कापून, तुमच्या खऱ्या मापाचा करून देतो. या वेळी माप पाठवा. टाळाटाळ चालणार नाही.

तुमचा व्याही, आणि आता आजोबा


२९ जानेवारी

व्याहीबुवा,

तुमचं पत्र शेजारच्या तिन्ही घरांत वाचून दाखवलं. मीच वाचलं, आणि होडीपाशी दर वेळी मला थांबावं लागलं.

माप देते. माझी उंची कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आहे, तुम्ही ते पाहिलंच आहे. पण कोट कापू नका. कापलेलं कापड परत वाढत नाही. म्हातारीकडून शिकलात तसं दुमडून ठेवा आणि तो खांद्याचा टाकाही राहू द्या. तुमची नात मोठी झाली की तिला दाखवायचा आहे, कुठून थेंब पडत होता ते.

पाय सुधारतोय. डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी बघू. त्यांचं 'बघू' मी चांगलं ओळखते, त्याचा अर्थ मी ठरवायचा असतो. तिथला पुढचा पावसाळा पुन्हा जानेवारीतच येईल. तेव्हा खरंच दोन तिकिटं काढीन, हवं तर तुमच्या हातात आणून देईन.

कोट मोठा होतो म्हणून काळजी करू नका. त्या नदीकाठी एखादं टेबल असेलच.

विहीण